माऊच्या दाराचा खटका

मांजरीसाठी दाराला झडप बसवायची तर कुठली घ्यावी, हे मला कुणीही विचारावं. विचारलं नाही तरी मी सांगायचो. गेल्या वर्षीच्या महालक्ष्म्यांपासून माझी ती हौस फिटली आहे.

जयेंद्रगंजातल्या आमच्या घराच्या मागच्या, आईच्या खोलीतून अंगणात दार उघडतं. लेकीनं आणलेली मांजर पहाटे ते दार ओरबाडायची, आणि अख्ख्या घरात एकट्या आईला जाग यायची. गुडघे धरत ती उठायची, कडी काढायची, आणि पाठ टेकते न टेकते तोच मांजर बाहेरून हाका मारायला लागायची. "आईच्या गुडघ्यांसाठी दाराला झडप बसवतोय," असं मी घरात जाहीर केलं. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. एखादी वस्तू घेण्याआधी तिच्यावर महिनाभर खल करण्यात मला जी मजा येते, ती वस्तू घरात आल्यावर येत नाही.

नुसती लोंबती झडप आधीच बाद झाली. उन्हाळ्यात लूचा गरम वारा सुटला की ती दिवसभर फडफडणार आणि अंगणातली धूळ आईच्या पलंगावर येणार. मग गळ्यात चुंबकाचा पट्टा घातलेल्या मांजरीलाच उघडणारी झडप मागवली. दुसऱ्याच दिवशी मांजर पट्ट्याला कुणाची तरी सेफ्टी पिन चिकटवून घरी आली. तीही परत गेली. शेवटी कडेला ब्रश असलेली, खालच्या बाजूला खटका असलेली झडप पसंत पडली. खटका फिरवला की येणं-जाणं दोन्ही, नुसतं येणं, नुसतं जाणं किंवा सगळंच बंद. मापासाठी मी पुठ्ठ्याला भोक पाडून मांजरीसमोर धरलं, तर ती त्या पुठ्ठ्यावरच बसली.

"एवढी चौकशी तर तुझ्यासाठी मुलगी पाहतानाही केली नव्हती," आई म्हणाली. झडपेला ती माऊचं दार म्हणायची. तिची अट एकच होती. "महालक्ष्म्या जेवायला बसल्या की दार बंद पाहिजे. माणसांचंही आणि माऊचंही."

वडील घरात थोरले, म्हणून भाद्रपदात महालक्ष्म्या आमच्याकडे उभ्या राहतात, त्याच मागच्या खोलीत. नैवेद्य दाखवला की दारं लावून सगळ्यांनी बाहेर थांबायचं. कुणी डोकावायचं नाही, देवींना निवांत जेवू द्यायचं. वडील गेले, आईचं बाहेर जाणं-येणं थांबलं, पण या तीन दिवसांसाठी ती वर्षभर तयारी करते. पुरण अजूनही तीच शिजवते, खुर्चीवर बसून.

त्या दिवशी घर बायकांनी भरलं होतं. थाटीपूरहून काकू आल्या होत्या, माझ्या धाकट्या काकांच्या पत्नी. मी पीतांबर नेसून प्रत्येकीला झडप दाखवत होतो. "इथे खटका फिरवला की मुंगीसुद्धा आत येणार नाही." काकूंनी कौतुकानं मान डोलावली आणि मी आणखी फुगलो.

आरती झाली. आई जवळ येऊन हळूच म्हणाली, "माऊचं दार बंद केलंस ना रे?"

"हो, केलं."

केलं नव्हतं. आदल्या रात्रीपासून खटका नुसत्या येण्यावर होता. तो जमिनीलगत, पीतांबराचा काष्टा सुटत होता, आणि मला वाकायचा कंटाळा आला. तिनं पुन्हा विचारलं, "बघितलंस नीट?" मी खेकसलो. "आई, केलं म्हटलं ना!"

दारं लागली. थोड्या वेळानं उघडली, तेव्हा मांजर दोन्ही ताटांच्या मधोमध बसून मिशा पुसत होती. पुरणपोळ्यांवरचं तूप चाटलेलं, खिरीच्या वाट्या लख्ख. आत येता आलं होतं, बाहेर जाता येत नव्हतं.

"अरे यार, सब जूठा कर दिया!" लेक ओरडली. मग माझ्याकडे वळली. "बाबा, तुम्ही लॉक तर केलं होतं ना?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी काष्टा सावरायला लागलो.

"मी फिरवला तो खटका," आई म्हणाली. "सकाळी माऊ ओरडत होती म्हणून. मला मेलीला त्यातलं काय कळतंय!"

"काय हे ताई," काकू म्हणाल्या, "गुडघे साथ देत नाहीत तर वाकायचं कशाला? आता तुमच्याच्यानं नाही होत, मानून घ्या. पुढच्या साली महालक्ष्म्या आमच्याकडे येऊ द्या, थाटीपूरला. देवीचं काम आहे, त्यात गडबड नको व्हायला."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. चार बायकांनी "बरोबर आहे" म्हटलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुरण घालायला आत निघून गेली. आईनंही पाहिलं. रागानं नाही, मी काय म्हणतो याची वाट पाहिल्यासारखं. काकू, चूक माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं मला.

"काकू म्हणतात तेही खरं आहे, आई," मी म्हणालो. "तुझीही दगदग वाचेल."

हे वाक्य मी रोज आठवतो आणि रोज कानकोंडा होतो. चूक लपवली एवढंच असतं तर एक वेळ पचलं असतं. तिनं मला वाचवलं आणि मी वर तिचीच समजूत घातली. रात्री तिच्या पलंगाशी जाऊन म्हटलं, "आई, ते मी..." ती म्हणाली, "जेवलास का? जेवून घे." मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीही लाज वाटते. काकूंना फोन करायला पूर्ण वर्ष होतं. मी केला नाही.

या वर्षी आईनं महालक्ष्म्यांचे मुखवटे स्वतःच्या जुन्या रेशमी साडीत गुंडाळून दिले. थाटीपूरला काकूंनी तिला पुढे खुर्ची दिली, मानानं वागवलं, पण पुरणाला हात लावू दिला नाही. नैवेद्याच्या वेळी दारं लावताना त्यांनी मांजरीची गोष्ट सगळ्यांना हसत सांगितली. आई हसली. मीही हसलो.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मागची खोली मोकळी होती आणि मांजर दाराशी घुटमळत होती. मी काही म्हणायच्या आत आई पलंगाची कड धरून खाली वाकली, चष्मा न लावता खटका अचूक नुसत्या जाण्यावर फिरवला, मांजर बाहेर पडताच तो बंदवर आणला, आणि गुडघा दाबत उठली.

"केलं बंद," ती म्हणाली. "पण तू बघ एकदा. विचारण्यापेक्षा बघितलेलं बरं."

मी वाकून बघितलं. बंद होतं.