शिमग्याच्या रजेचं कारण

एसी दुरुस्तीत लवू गोताडचा हात धरणारा कुणी नव्हता, पण शिमग्यानंतर त्याची नोकरी टिकत नसे. गावची पालखी नाचवायला रजा हवी, हे सांगायची त्याला लाज. म्हणून तो दर शिमग्याला घरातल्या सावित्री आत्याला मारून टाकी, अर्थात फोनवर. मग पालखीखाली नाचणाऱ्या लवूचा व्हिडिओ मालकाच्या मोबाइलवर पोचे आणि नोकरी जाई.

यंदा नोकऱ्या मिळवून देणाऱ्या ऋतिका मॅडमच्या फॉर्मवरही त्याने आधीच्या तिन्ही नोकऱ्या सुटण्याचं कारण लिहिलं, ‘आत्याचं निधन’. मॅडमनी घरी फोन लावला, तो आत्यानेच उचलला.

मॅडमनी लवूला समोर बसवलं. “मालकाशी मी बोलेन, पण माझ्याशी तरी खरं बोला. नाहीतर तुमच्यासाठी भांडू कशी?”

लवूने खाली मान घालून पालखीचं सांगितलं.

पंधरवड्यात हातखंब्याला नोकरी लागली. शिमग्याची पाच दिवसांची रजा नेमणूकपत्रातच होती. रुजू होताना जवळच्या नातेवाइकाचं नाव विचारलं, तेव्हा लवूने आत्याचं नाव लिहिलं आणि कुणी विचारलं नसताना पुढे ‘हयात’ असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या.