आवाज बंद करून बघणारी अनसूमावशी

अनसूमावशीनं डबा उघडायच्या आत आपापली थिअरी सांगून मोकळं व्हायचं, हा आमच्या कॅन्टीनमधल्या शेवटच्या टेबलाचा नियम होता. एकदा तिनं भाकरी मोडली आणि बोलायला लागली की कुणाची थिअरी टिकत नसे. "टाका लाल पेटीत," ती म्हणायची आणि विषय संपायचा. तपासणीत खराब निघालेला माल आम्ही लाल पेटीत टाकतो. माझ्या निम्म्याहून अधिक थिअऱ्या तिथंच गेल्या.

पिरंगुटच्या एका कंपनीत गाड्यांसाठी रबरी रिंगा बनतात. मी तिथं क्वालिटीत आहे. मी बावधनहून यायचे, मावशी मुळशीकडून, धरणाच्या कडेच्या एका गावातून. अकरा वर्षं प्रेस मशिनच्या खडखडाटात काढून ती तपासणीच्या टेबलावर आली होती. केसाएवढी चीर असली तरी तिच्या नजरेतून सुटत नसे. कागदोपत्री मी तिची वरिष्ठ. पहिलं वर्ष मी तिला "तुम्ही" म्हणायचे आणि ती मला "मॅडम". मग दोघींनीही ते सोडून दिलं. चिडली की मात्र ती मला "ए शिकल्याली" म्हणायची, आणि ती बरेचदा चिडायची.

गेल्या वर्षी आम्हा पाच-सहाजणींना एका मालिकेनं झपाटलं होतं. डोंगरातलं एक गाव. तिथं रोज सकाळी एक माणूस नाहीसा झालेला असतो, आणि उरलेले गावकरी शपथेवर सांगतात की असा कुणी इथं राहतच नव्हता. शुक्रवारी नवा भाग यायचा आणि शनिवारची जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी त्यातच जायची. पॅकिंगमधल्या सुनीताचा संशय डॉक्टरीणबाईवर होता. माझा शाळेच्या मास्तरांवर, कारण ते फार गोड बोलायचे आणि गोड बोलणाऱ्यांशी माझं पटत नाही.

"मास्तर न्हाई," मावशी म्हणाली. "बोलताना त्याचं हात बघ, मोकळं सोडल्यालं असत्यात. त्यो पोस्टमास्तर बघ. पत्र देताना पत्त्यावर अंगठा ठिवतो. झाकून धरतो. उद्या कोण जाणार ते त्येला ठावं हाय."

घरी जाऊन आम्ही मागचे भाग परत लावले. प्रत्येक पत्रावर अंगठा होता. तुला हे दिसतं तरी कसं, असं विचारल्यावर ती म्हणाली, "आवाज बंद करून बघायचं. सासरा लवकर झोपतो, म्हून मला तशी सवयच लागली. बोलणं आयकत बसलं की माणूस फसतो." मीही एकदा आवाज बंद करून पाहिलं. दहा मिनिटांत झोप लागली.

नवव्या भागात डॉक्टरीणबाई कोरड्या विहिरीत वाकते, आणि पोस्टमास्तर पत्रं वाटताना जी शीळ घालतो तीच शीळ आतून ऐकू येते. ती किंचाळत पळते. दुसऱ्या दिवशी टेबलावर नुसता गोंधळ. मावशी म्हणाली, "पर ती पळाली कशापायी? हिरीत तर कायबी न्हवतं."

"तू आवाज बंद करून बघतेस ना, म्हणून," असं म्हणत सुनीतानं आपला मोबाईल काढला, आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि तिच्यापुढं धरला. शीळ इतकी स्वच्छ वाजली की शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या. मावशीनं पडद्याकडं पाहिलं. मग आमच्या एकेकीच्या चेहऱ्याकडं पाहिलं. "व्हय की," ती सावकाश म्हणाली. "रडतंय कुणीतरी."

"म्हणजे ती शीळ म्हणजे रडणं आहे!" सुनीता ओरडली आणि सगळ्याजणी त्या नव्या थिअरीवर तुटून पडल्या. माझा घास मात्र तोंडातच राहिला.

त्या दुपारी मी एक लबाडी केली. ती रिंगा तपासत असताना मागं उभी राहून म्हणाले, "मावशी, गेटवर तुझी सून आलीये." ती रिंगा बघत राहिली. पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. काही नाही. मग मी समोर गेले. माझ्या तोंडाकडं बघताच तिनं हातातली रिंग खाली ठेवली.

"कळलं न्हवं तुला?" ती म्हणाली. "कुणाला सांगू नगं. मी कंत्राटावरली बाई. भैरी हाय म्हनल्यावर कोण ठिवून घील? घरात चार शेळ्या आन माझी नोकरी, येवढंच हाय."

मी मान डोलावली. बाई ओठ वाचत होती, चेहरे वाचत होती आणि त्यावर आम्हा सगळ्यांना खेळवत होती. मला तिचं कौतुक वाटलं आणि त्याहून जास्त भीती वाटली. तपासणीच्या टेबलापासून स्टोअरपर्यंत जायचं तर मालाचं आवार ओलांडावं लागतं, आणि तिथं दिवसभर माल उचलणारी फोर्कलिफ्ट फिरत असते.

महिनाभरात आरोग्य तपासणीची गाडी आली. यंदा कानांचीही तपासणी होणार होती. हेडफोन लावायचा आणि आवाज आला की बोट वर करायचं. नावांची यादी माझ्या हातात. आदल्या दिवशी मावशी म्हणाली, "तू मशिनच्या मागं हुबी ऱ्हा. बटण दाबलं की डोळं मीट. येवढंच कर." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

तिचा नंबर आला तेव्हा मी उभी राहिले खरी, पण डोळे यादीवरून उचललेच नाहीत. माझ्याच्यानं होईना. हळूच वर पाहिलं, तर मावशीचं बोट वर गेलेलं. पुन्हा खाली, पुन्हा वर. ती माझ्याकडं बघतच नव्हती. मशिनवाल्या पोराची डाव्या हाताची करंगळी बटण दाबताना किंचित हलत होती, आणि मावशी त्या करंगळीकडं बघत होती. ती पास झाली. बाहेर येऊन मला म्हणाली, "तुझं काय भरवशाचं न्हाई, हे मला ठावं व्हतं." आणि हसली.

आठवड्यानं एकदा फोर्कलिफ्ट आवारातून येत होती. क्रेटची रास पुढ्यात, चालकाला समोरचं काही दिसत नव्हतं, हॉर्न एकसारखा वाजत होता. मावशी ट्रे घेऊन त्याच वाटेवर, पाठमोरी. मी दोनदा हाक मारली. मग धावले आणि तिचा दंड धरून ओढलं. ट्रे उलटला, रिंगा आवारभर पसरल्या आणि क्रेटची कड तिच्या पदराला घासून गेली. चालक उडी मारून खाली उतरला. "मावशी, कवापासून हॉर्न मारतोय," तो म्हणाला. ती खाली बसून रिंगा वेचायला लागली.

दोन दिवस मी गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांना सगळं सांगितलं. तिला आवाराकडं जावं लागणार नाही असं टेबल द्या, एवढंच माझं मागणं होतं. ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." मला वाटलं, काम झालं.

शनिवारी तिची जागा रिकामी होती. कंत्राटदारानं आदल्या संध्याकाळी फोन केला होता आणि तो सुनेनं घेतला होता. उद्यापासून येऊ नका, एवढाच निरोप.

त्या दुपारी शेवटच्या टेबलावर मालिकेचं नावही निघालं नाही. मावशीच्या कानांची बातमी एव्हाना फुटली होती आणि चुगली कुणी केली, ह्याच्या थिअऱ्या चालल्या होत्या. सुनीताचा संशय फोर्कलिफ्टवाल्यावर होता. कुणी सुपरवायझरचं नाव घेतलं. "वर्षा, तुला काय वाटतं?" सुनीतानं विचारलं. मी दोन्ही हात टेबलाखाली घेतले आणि म्हटलं, "काय माहीत." आयुष्यात इतकं हलकट मला कधी वाटलं नव्हतं.

रविवारी बस पकडून मी तिच्या गावी गेले. ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि एकेक शब्द तोडून म्हणाले, "मावशी, मीच सांगितलं."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "ते दोन दिवस तू माझ्याकडं बघून जेवत न्हवतीस."

"मग मला अडवलं का नाहीस?"

तिनं सुपातला एक खडा काढून बाहेर टाकला. "अडवणार व्हते. पर त्या गाडीचं भ्या मलाबी बसलं व्हतं." मग माझ्याकडं नीट बघत म्हणाली, "माझा राग हाय. लवकर जायचा न्हाई. आत्ताच सांगून ठिवती."

मी मान हलवली आणि तिला माझं तोंड दिसावं म्हणून समोर बसायला लागले. तिनं नाही म्हणून हात हलवला, सूप बाजूला सारलं आणि आपल्या डावीकडच्या जागेवर थाप मारली.

"हिकडं बस," ती म्हणाली. "ह्या कानानं अजून जरासं येतं."

ह्या एका कानाचं तिनं आजवर घरातसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं, हे आत चहा ठेवणाऱ्या सुनेनं दचकून मान वर केली तेव्हा मला कळलं. मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसले आणि बाजूला सारलेलं सूप दोघींच्या मधे ओढलं.