पाळीवरचा साहेब

कुहीकडच्या त्या गावात तळ्याच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, एक दगड उभा होता. शेंदराचे थर इतके चढले होते की दगड असा दिसतच नसे. बाया त्याला पाण्याचा देव मानत. रोवणीच्या दिवशी पऱ्ह्याची, भाताच्या रोपांची, पहिली पेंडी त्याच्यापुढं ठेवल्याशिवाय कोणी भाताच्या बांधीत उतरत नसे. १९६९ साली शाळेच्या देवराव मास्तरांनी शेंदूर खरवडला, तर आतून इंग्रजी अक्षरं निघाली. तळं बांधून घेणाऱ्या गोऱ्या साहेबाचं नाव होतं ते.

गाव चावडीवर गोळा झालं. मास्तर म्हणाले, ज्यांच्या राज्यात माणसं भुकेनं मेली, त्यांना कसलं पुजता, दगड उखडून फेका. जुने मालगुजार नानाजी म्हणाले, मोठ्या दुष्काळात साहेबानं हे काम काढलं म्हणून गाव जगलं, उपकार विसरू नये.

"मास्तर, त्याच तळ्याचा भात खाऊन तुमी भाषण देऊन राहिले," नानाजींनी टोमणा मारला. लोक हसले.

भिंतीशी रुखमाबाई बसली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, जन्मभर दुसऱ्यांच्या बांधीत रोवणी केलेली. दगड फेकला तर तिची जागा जाणार होती, आणि राहिला तर तिथं साहेबच राहणार होता. ती हळूच उठली.

"तो देव मीच केला गा," ती म्हणाली.

मग तिनं सांगितलं. दुष्काळात ती नऊ वर्षांची होती. माय पाळीवर माती वाहत होती. एका दुपारी टोपलं डोक्यावर असतानाच ती खाली बसली, ती उठलीच नाही. पुढं त्याच जागी साहेबाचा दगड रोवला गेला. पोरगी रोज तिथं एक फूल ठेवू लागली. फूल पाहून कोणी कुंकू लावलं, कोणी नारळ फोडला. खरं सांगायचा तिला धीर झाला नाही. आणि खोटं कशाला बोलायचं, एवढं गाव आपल्या मायपुढं वाकतं, याचं तिला बरंही वाटायचं.

"साहेबानं दाणे देले, नाई कशी म्हणू? त्याच दाण्यावर मी जगलो. पण माती त्यानं नाई वाहली."

मग मास्तर तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"आजी, मायचं नाव काय होतं?"

एवढ्या वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. "गोपिका," ती म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावला.

नानाजींनी आपली बैलगाडी दिली. साहेबाचा दगड धुऊन शाळेच्या अंगणात उभा केला, पोरांना वाचता यावा म्हणून. पाळीवर नवा दगड रोवायचं ठरलं. त्यावर कोरायची, माती वाहणाऱ्यांची नावं रुखमाबाई सांगत गेली, मास्तर लिहीत गेले. एका बाईचं नाव मात्र काही केल्या आठवेना. डाव्या हातानं टोपलं उचलणारी, मायच्या मागं पोरीला आपल्या वाट्याची आंबील पाजणारी, एवढंच ध्यानात होतं.

"तसंच लिवा मास्तर," रुखमाबाई म्हणाली. मास्तरांनी तसंच लिहिलं.