सिंहाच्या जबड्यातले वडील

भाऊ विनोदी नट होता. रंगमंचावर एकटाच उभा राहून दोन-दोन तास तो स्वतःची जीवनकथा सांगे. तिच्यात घडलेले निम्मे आणि रचलेले निम्मे. या दोहोंमधली सीमारेषा उत्तरायुष्यात त्यालाही दिसेनाशी झाली होती. सर्वांत लोकप्रिय प्रसंग वडिलांचा. वडील सर्कशीत सिंहांना खेळवीत आणि एके दिवशी सिंहाने त्यांना खाऊन टाकले. "टोपी मात्र परत केली," असे तो अतिगंभीर मुद्रेने म्हणे, आणि प्रेक्षक पोट धरधरून हसत.

वस्तुतः वडील एका हॉटेलच्या धुलाईघरात एकेचाळीस वर्षे इस्त्री करीत होते. आई अकाली निवर्तल्यावर दोन्ही लेकरांना त्याच हातांनी वाढवले. त्यांच्यानंतर थोरली लेक, म्हणजे या नटाची बहीण, त्याच टेबलापाशी उभी राहिली आणि तिथूनच निवृत्त झाली. आता ती एकाहत्तर वर्षांची होती. भावाला जाऊन तीन वर्षे लोटली होती, आणि त्याच्या त्या कथेवर अ‍ॅनिमेशनचा चित्रपट सिद्ध होत होता.

तरुण दिग्दर्शिकेने तिला मोठ्या अगत्याने रेखाटने पाहायला बोलावले. भिंतीवर सिंहाचा विशाल जबडा होता आणि त्यातून दोन बूट बाहेर डोकावत होते. बहिणीने चष्मा पुसला, पुन्हा पाहिले.

"हे बदलावं लागेल."

"मावशी, आवाज त्यांचाच आहे, जुन्या प्रयोगाच्या ध्वनिमुद्रणातला. आमच्याकडे आवाज आधी, चित्रं त्याच्यावर. त्यांच्या तोंडचे शब्द मी कशी बदलू?"

"शब्द कोण बदलायला सांगतंय? बोलू दे त्याला. जन्मभर थापा मारल्या, आता मेल्यावर काय सुधारणार आहे? तू चित्र तेवढं खरं काढ."

"म्हणजे ते सिंह म्हणणार, आणि पडद्यावर?"

"इस्त्री."

कोपऱ्यातल्या चित्रकाराला हसू आवरेना. "इस्त्री बघायला कोण येणार, मावशी?"

"माझा भाऊ बसायचा बघत. शाळा बुडवून."

दिग्दर्शिका विचारात पडली. मग हळूच म्हणाली, "पण ती गोष्ट ऐकून बाबा दुखावले असतील ना? प्रेक्षकांत बसलेत, डोळ्यांत पाणी, असं दाखवूया का?"

"मुळीच नको. पहिल्या रांगेत बसून ऐकलं त्यांनी. घरी येऊन म्हणाले, 'बरं झालं सिंहानं खाल्लं, उद्या कामावर जायला नको.' आणि सकाळी सहाला गेले."

"हे असं, चेहरा न हलवता म्हणाले?"

"त्यांचा चेहरा कधी हलला?"

त्या नटाची ती विख्यात गंभीर मुद्रा कुठून आली, हे दिग्दर्शिका गेली दोन वर्षे जुन्या मुलाखतींत धुंडाळीत होती. ती उठली आणि भिंतीवरचा सिंह तिने स्वतःच्या हाताने उतरवला.

चित्रकाराने इस्त्री करणारा माणूस काढला, पण त्याने सदऱ्याच्या पाठीपासून आरंभ केला होता. दुसऱ्या दिवशी बहीण स्वतःची इस्त्री आणि चार सदरे घेऊन हजर झाली.

"पाठ आधी केलीस तर कॉलर होईस्तोवर ती चुरगळणार. आधी कॉलर. टोकांकडून मधे यायचं."

प्रसंग होता चाळीस सेकंदांचा. वडिलांना एका सदऱ्याला चार मिनिटे लागत. चित्रकाराने हात जलद चालवण्याचा मार्ग सुचवला. तिने तो तत्काळ धुडकावला. घाईने इस्त्री करणारा मनुष्य तिचा बाप नव्हता, अन्य कोणी होता. अखेरीस केवळ कॉलर दाखवायची असे ठरले. कॅमेऱ्यापुढे तिने ती अकरा वेळा केली, आणि त्यावरून चारशे ऐंशी चित्रे निघाली.

तिसऱ्या आठवड्यात सगळे एकत्र बसले. भावाच्या आवाजात सिंहाने वडिलांना गिळले, त्या जुन्या प्रेक्षकांच्या हास्याचा कल्लोळ उसळला, आणि पडद्यावर वडिलांनी शांतपणे कॉलर उलटली. दिग्दर्शिकेने डोळे टिपले. बहीण पडद्याकडे एकटक पाहत राहिली.

"डावा हात चुकलाय. तळव्यानं कापड आधी सपाट होतं, मग इस्त्री येते. इथे हात मागून येतोय."

"मावशी, एकशे वीस चित्रं पुन्हा काढावी लागतील," चित्रकार म्हणाला.

"काढ. मी आहे इथंच."

तिने बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि टेबलावर नवा सदरा पसरला.