पिवळ्या रंगावर बांधलेलं घर

तिला घरात सगळे गांडूळबाई म्हणत. नाव भावोजींनी ठेवलेलं, आणि कामच असं की ते चिकटलं. शहराच्या पोटात माणसाने काय काय कोंबून ठेवलंय, बुजवलेली तळी, गाडलेल्या भिंती, राख, कचरा, या सगळ्याचा ती नकाशा करायची. यंत्राने भोक पाडायचं, नळीतून आलेली माती ट्रेमध्ये ओळीने मांडायची आणि ढेकूळ न् ढेकूळ फोडून बघायचं. वीट, काच, प्लॅस्टिक निघालं की भराव, म्हणून नकाशावर लाल रंग. मूळ जमीन लागली की पिवळा. लालवर घर बांधायचं तर पाया खोल न्यावा लागतो. पिवळ्यावर ती काळजी नाही.

थोरल्या बहिणीने प्लॉट घेतला तेव्हा तिने तिथेही भोक पाडून घेतलं. वरपासून खालपर्यंत स्वच्छ पिवळी चिकणमाती! ताई चहा घेऊन शेजारी उभी होती. गवंड्याने विचारलं, "मॅडम, किती खोल जाऊ?"

"कमरेइतकं पुरे. खाली मूळ जमीन आहे." तिचा शब्द म्हणजे त्या घरात काळ्या दगडावरची रेघ.

आणि आता बैठकीच्या भिंतीला बोट जाईल एवढी तिरकी भेग पडली होती. भावोजींनी पायाशेजारी खड्डा खणून घेतला, गवंड्याला बोलावलं, वर तमाशा बघायला दोन शेजारीही जमवले. "उतर गं गांडूळबाई, दाखव याला, यानं काय दिवे लावलेत ते!"

ती उतरली आणि पहिल्याच ढेकळाशी थबकली. ते फोडलं तर आतले थर उभे होते. शेजारचं फोडलं, त्याचे तिरपे. जागच्या जागी साचलेल्या मातीचे थर असे कधी नसतात, ते आडवे झोपलेले असतात. कुणीतरी दुसरीकडची चांगली माती ट्रक भरभरून आणून इथे ओतली होती. भरावच, फक्त नीटनेटका. तळाशी चक्क रबरी चपलेचा तळवा निघाला. परक्याच्या जागेत तिने प्रत्येक ढेकूळ फोडलं असतं. इथे बहिणीचं घर म्हणून वरवर बघितलं आणि चहा प्यायली.

"मॅडम, तुम्हीच सांगा," गवंडी वरून म्हणाला. "पाया घालण्यात माझी काही खोट आहे का?"

तळवा तिच्या हातात होता. तिने तो खिशात घातला. "बघून सांगते," ती म्हणाली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. हिला तर त्या पोटात काय भरलंय तेही ठाऊक होतं.

"ती काय सांगणार! सिमेंट खाल्लं यानं," भावोजी कडाडले. "सगळ्या गल्लीला सांगतो, याला काम देऊ नका म्हणून." गवंडी फाटकाकडे गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर खड्ड्यात उभा.

स्वयंपाकघरात तिने ताईला खरं ते सांगून टाकलं. ताईने गॅस बंद केला. "आणखी कुणाला कळलंय?"

"नाही."

"मग गप्प बस. ह्यांना कळलं तर जन्मभर टोमणे मारतील तुला. गवंड्याचं काय, त्याला मिळतील दुसरी कामं."

हे ऐकून तिला आधी हायसं वाटलं. मग त्या हायसं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की ताईच्या तोंडाकडे बघवेना. ती तशीच अनवाणी बाहेर पळाली.

गवंडी थापी आणि ओळंबा पिशवीत भरून स्कूटरला बांधत होता.

"चूक माझी आहे," ती धापा टाकत म्हणाली. "माती भरावाची आहे. तुमचा पाया चांगला आहे."

त्याने गाठ आवळली. "माझा पाया कसा आहे ते मला माहीत आहे, मॅडम. मला कशाला सांगताय? तिकडे सांगा."

तिकडे अंगणात भावोजी शेजाऱ्यांना ऐकवत होते, "आमच्या गांडूळबाईच्या नजरेतून मातीचा कण सुटत नाही!" दारात ताई उभी होती. तिने नकारार्थी मान हलवली.

तरी हिने खिशातून तळवा काढला आणि भावोजींच्या हातावर ठेवला.

"हे काय गं?" ते हसत म्हणाले.

"तुमच्या घराखालचं आहे, भावोजी. मी तेव्हा नीट बघितलंच नव्हतं."

भावोजींचं हसू मावळलं. शेजारी एकदम आपापल्या चपलांकडे बघू लागले. मागे फाटकाशी स्कूटर अजून सुरू झाली नव्हती.