दसऱ्याचं कुंकू लागलेला राऊटर

आज डोकं फिरलंय, म्हणून इथं लिहितेय.

सकाळी नेटवर्किंगची प्रॅक्टिकल परीक्षा होती. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी लॅबचं काचेचं कपाट उघडायला लावलं, खरा राऊटर टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "लॅपटॉपला जोड आणि राउटिंग करून दाखव."

कमांड मला तोंडपाठ आहेत. पण केबल कुठल्या पोर्टमध्ये घालायची तेच कळेना. आजवर आम्ही राऊटर जोडला तो फक्त स्क्रीनवरच्या चित्रात. खरा राऊटर वर्षभर कुलपात असतो. दसऱ्याला सर तो बाहेर काढतात, हळदकुंकू वाहतात आणि परत आत ठेवतात.

मी चाचपडत होते, तर सरच मॅडमना म्हणाले, "धाड गावावरून येते मॅडम, खेड्यातली पोरगी हाये. घाबरून राह्यली."

मग मात्र मी बोललेच. "घाबरली नाही सर. तुमी आमाले कधी हात तरी लावू देल्ला का याले?"

"महागाची वस्तू हाये. तुमी खराब करून ठेवली असती."

मॅडमनी मला योग्य पोर्ट दाखवला. केबल आत जाईना. पोर्टमध्ये कुंकू वाळून घट्ट बसलं होतं.

तुमच्या लॅबच्या कपाटाची चावी कोणाकडे असते हो? आमच्या सरांच्या खिशात असते. आणि खराब म्हणे आम्ही केला असता.