दारामागचा रेनकोट

देव माणूस घडवताना त्यात भीती चिमूटभर घालतो. कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याच्या वेळी मात्र डबाच उपडा झाला असावा. तो पालीला घाबरे, लिफ्टला घाबरे, दुकानाचं शटर ओढताना आत बघायलाही घाबरे. सारं आयुष्य गेलं पासपोर्टचे फोटो काढण्यात. समोर दूधवाला बसो की बँकेचा मॅनेजर, मंत्र एकच: "हनुवटी वर, डोळे उघडे, हलू नका!" म्हणून अख्खी गल्ली त्याला 'हलूनका' म्हणायची.

अशा माणसाने भुताची गोष्ट लिहिली आणि पदरमोड करून छापलीसुद्धा. नाव, 'मागे कोण?'. एका फोटोवाल्याच्या प्रत्येक फोटोत गिऱ्हाइकाच्या मागे तेच कुणीतरी उभं असतं, आणि दर फोटोत एक पाऊल पुढे आलेलं असतं. शेवटचं प्रकरण त्याने बायकोला शेजारी बसवून लिहिलं. ती वाटाणे सोलत होती.

"अहो, लिहिताय तुम्ही ना? मग माझा हात कशाला धरलाय?"

हा सगळा खटाटोप एकाच माणसासाठी होता. थोरल्या बहिणीसाठी. ताईने त्याला लहानाचा मोठा केला तो 'भित्री भागुबाई' म्हणतच. चाळिशी गेली, डोक्यावरचे केस गेले, भागुबाई काही गेली नाही. त्या ताईला आयुष्यात एकदा, फक्त एकदा, घाबरलेलं बघायचं होतं.

घोडं अडलं मुखपृष्ठापाशी. छापखानेवाल्यांनी जन्मभर लग्नपत्रिका आणि साबणाची वेष्टनं छापलेली. त्यांनी कवटी घातली, वटवाघळं घातली, चंद्र, रक्त, केस मोकळे सोडलेली बाई. तरी कोपरा उरला म्हणून तिथे मांजर बसवलं आणि भोवती सोनेरी वेलबुट्टी काढली.

ताईने पुस्तक हातात घेतलं आणि हसून हसून तिला उचक्या लागल्या.

"अरे, हे भूत आहे की दातांच्या डॉक्टरची पाटी? आणि हे मांजर का असं बघतंय? त्याला कुणी घाबरवलं?"

"ताई, आत तर वाच!"

"एवढं हसल्यावर आता घाबरू कुठून? जाऊ दे, भागुबाई." आणि पुस्तक गेलं गरम पातेल्याखाली.

हलूनका हिरमुसला. पण घरी जाताना त्याने विचार केला, आपल्याला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? उत्तर ताईच्याच घरी होतं. बाहेरच्या खोलीच्या दारामागे, खुंटीला टांगलेला तिचा लांब काळा रेनकोट, टोपीसकट. तिच्याकडे गेलं की तो दार भिंतीला टेकवून पुढे जायचा, मागे बघायचा नाही.

दुसऱ्या दिवशी तो पिशवीत कॅमेरा लपवून गेला. ताईचा मिक्सर चालू होताच दार अर्धं लोटलं, देवाचं नाव घेतलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला. हात लटलट कापत होते. आता 'हलू नका' कुणी कुणाला सांगायचं?

"काय रे, काय चाललंय तिकडे?"

"बल्ब बघतोय, ताई!"

"भरदुपारी?"

फोटो बघून छापखानेवाले म्हणाले, "छान. यात आता काय काय घालू?"

"काही नको."

"निदान मांजर?"

"मांजरसुद्धा नको."

ते बराच वेळ फोटो बघत राहिले. मग उठले आणि आपली खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली. "छापतो लगेच. पण नेताना सगळे गठ्ठे न्या, इथे एकही ठेवू नका."

नवं पुस्तक ताईने हसायच्या तयारीनेच घेतलं. तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. "हे... आपलं दार आहे का रे?"

"दारं काय, सगळी सारखीच," हलूनका छताकडे बघत म्हणाला.

या खेपेला पातेलं ओट्यावरच राहिलं.

दोन दिवसांनी दुपारी ताईचा फोन. "जरा येऊन जा."

"वाचलंस?"

"वाचलंबिचलं काही नाही. तेवढा रेनकोट खाली काढून दे. माझा हात पोचत नाही."

हात पोचत नाही! माळ्यावरचं पिंप एकटीने उतरवणारी बाई ती! त्याला आभाळ ठेंगणं झालं. शीळ घालत गेला, तर ताई जिन्यात खुर्ची टाकून भाजी निवडत बसलेली.

"इथे का?"

"घरात उकडतंय."

घरात पंखा भरधाव चालू होता. "घाबरलीस, कबूल कर," असं म्हणत तो छाती काढून आत गेला आणि दार ओढलं. पंख्याच्या वाऱ्याने रेनकोटची एक बाही हळूच वर उचलली गेली.

"हलू नका!" लेखक किंचाळले.

दुसऱ्या क्षणाला ते जिन्यात होते. ताई पोट धरून हसत होती, मांडीवरची भाजी पायऱ्यांवर. "अरे, त्याला अहो-जाहो करतोस!"

हसू ओसरलं. तिने डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "पण काय रे... थांबला का तो?"

"मी बघितलं नाही."

"मग बघ ना जाऊन."

"तू बघ. तू कुठे घाबरतेस?"

ताईने खुर्चीवर थोडं सरकून त्याला जागा करून दिली. तिचे यजमान कामावरून येईपर्यंत दोघं बहीणभाऊ तिथेच भाजी निवडत बसली. भाजी होती मूठभर.